पुलाशी थांबलेली लस

रेशीमपुऱ्याच्या नाल्यावरच्या पुलाशी आली की लस पुढे यायला नकार द्यायची. "मी इथेच थांबते," असं ती पेटीतून स्पष्ट सांगायची. मग पेटी चार माणसांच्यानंही हलत नसे.

या प्रकारावर संशोधन करायला जिल्ह्यानं हेमांगी टिळेकरला पाठवलं. विषय वरूनच ठरून आला होता : रेशीमपुऱ्यातले मुसलमान विणकर लस का घेत नाहीत.

पुलाच्या अलीकडे लस आणि तिला घेऊन आलेल्या गाडेकर सिस्टर. पलीकडे मुलाबाळांची लांबलचक रांग. सगळ्यात पुढे हसीनाबी, कडेवर नात आफरीन. शेजारच्या गल्लीत गोवर आला होता.

"तुम्ही लस का घेत नाही?" हेमांगीनं विचारलं.

"घ्यायलाच तर उभी हाय, बेटा. तिलाच विचार ना."

हेमांगीनं वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावला. "सर, लोक तयार आहेत. लसच कचरतेय. लोकच पूल ओलांडून आले तर?"

"चालणार नाही. वस्तीची लस वस्तीतच टोचायची. आणि टिळेकर, लसीवरचं संशोधन मंजूर नाही. लोकांना पुन्हा विचारा. कुठेतरी घाबरत असतीलच."

तिनं पुन्हा विचारलं. हसीनाबीनं कपाळावर हात मारला. "अशी सारखी विचारत राहिलीस, तर आता खरंच भीती वाटायला लागेल गं!"

हेमांगीचं डोकं सणकलं. ती पेटीकडे वळली. "तुझं म्हणणं तरी काय आहे?"

"या वस्तीबद्दल फार ऐकलंय," लस म्हणाली. "आत गेलेली कुपी परत येत नाही."

"कुठल्याच वस्तीतून येत नाही! तू कधी गेलीस आत?"

"जायचं कशाला? शीतगृहात सगळ्यांना माहीत आहे."

हसीनाबी पूल ओलांडून आली आणि पेटीशेजारी बसली. "हे बघ. पोरांना टोचल्यावर अर्धा तास बसवतात ना, काही त्रास होतो का बघायला? तशी तू माझ्या ओट्यावर बस. त्रास झाला तर मी स्वतः इथं आणून सोडते."

पेटीचं झाकण किलकिलं झालं. मग वरची एक कुपी म्हणाली, "बर्फ मिळेल?"

"सरबतवाला माझा भाचाच हाय."

कुपीला ओट्यावर बर्फात बसवलं. गल्लीतले माग बंद ठेवले. बायका हळू आवाजात बोलल्या, उगाच बिचारी दचकायला नको. अर्ध्या तासानं हेमांगीनं विचारलं, "काही त्रास?"

"जरा कसंतरी होतंय. पण चालेल."

सिस्टरनी आफरीनला टोचलं. तिनं गल्ली डोक्यावर घेतली. हसीनाबीनं पदरानं आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे. कुपी पहिल्या पाच पोरांना पुरली.

साहेबांचा फोन आला. "मग? का घाबरत होते लोक?"

हेमांगीनं फोन बंद केला आणि पुलावर गेली. पेटीतली दुसरी कुपी म्हणाली, "ती पहिली आधीपासूनच तसली होती. मला घरच्यांना विचारावं लागेल."

हसीनाबीनं नातीला शेजारणीकडे दिलं आणि पेटीशेजारी पुन्हा बैठक मारली.

"विचार बाई," ती म्हणाली. "तोवर मी बर्फ मागवते."