सरळ बोलायला बंदी

कोटी करण्यात चिंतामणी आठल्येला हरवणारा माणूस रत्नागिरीत अजून जन्माला यायचाय, असं बऱ्याच लोकांचं मत होतं. त्या बऱ्याच लोकांत पहिला नंबर खुद्द चिंतामणीचा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानापेक्षा जास्त चालणारा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. ग्रुपमध्ये दातांचा डॉक्टर सलिल, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी नीरजा आणि नोकरीपायी पुण्यात जाऊन पडलेला अपूर्व. चौघंही शाळेपासूनचे मित्र, आणि चौघांनाही शाळेपासूनच ही खोड.

ग्रुपचा नियम एकच. सरळ बोलायला बंदी. जे काय सांगायचं ते कोटी करून सांगायचं, आणि समोरच्यानं उत्तरही कोटीतच द्यायचं. चुकून कोणी साधं वाक्य लिहिलं तर त्यानं सगळ्यांना मांडवीच्या समुद्रावर नेऊन भजी खिलवायची. अपूर्वचं लग्न ठरलं ते कोटीतून कळलं आणि मोडलं तेही कोटीतूनच. उत्तर सुचलं नाही तर माणूस दोन दिवस गप्प बसे, पण ग्रुप कोणी सोडत नसे. ग्रुप सोडला म्हणजे हरलो असं कबूल केलं, आणि चिंतामणी तर मेला तरी हरणाऱ्यातला नव्हता.

हे सगळं ज्या बाईला घरात सोसावं लागे ती म्हणजे त्याची बायको वेदिका. भाजी आण म्हणून मेसेज केला तरी याचं उत्तर कोटीत. शेवटी तिनं जाहीर करून टाकलं, की तुमचे मेसेज मी रविवारी सकाळी चहा घेऊन निवांत बसेन तेव्हा एकदम उघडेन. घाईचं काही असेल तर फोन करा आणि माणसासारखं बोला. चिंतामणीला यात अपमान दिसला नाही. आपल्या कोट्यांसाठी बायको खास वेळ राखून ठेवते, असं तो चारचौघांत सांगत असे.

तर शिमग्यातली गोष्ट. चिंतामणीची पावसला वडिलोपार्जित आंब्याची बाग आहे. शिमगा आला की बागेतले राखणदार आपापल्या गावी पळतात, कारण देवाची पालखी घरात येते तेव्हा घरच्या माणसानं दारात असायलाच हवं. त्याचा राखणदार महिपत तसाच गुरुवारी सकाळी निघून गेला. इकडे कैऱ्या धरलेल्या, वानरांचा नुसता धुमाकूळ. एखाद्या शहाण्या माणसानं शेजारच्या बागवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं असतं. चिंतामणीनं एक रात्र आपणच राखण करायचं ठरवलं. वेदिका म्हणाली, "अहो, तिकडे बिबट्या फिरतोय म्हणतात." त्यावर त्यानं कोटी केली, आणि ती आत निघून गेली.

दुपार मजेत गेली. मांगरात, म्हणजे बागेतल्या त्या एका खोलीच्या खोपटात, त्यानं डबा खाल्ला, खाटेवर लोळला, पत्र्याचा डबा बडवून वानरं पळवली आणि आपल्या शौर्याच्या कोट्या ग्रुपवर टाकल्या. त्या कातळावर फोनची रेंज मोठी लहरी. फोन लागे, पण आवाज जात नसे. मेसेज मात्र खिडकीच्या सर्वात वरच्या गजाशी हात नेला की सुटत.

ऊन उतरलं. चिंतामणी कैऱ्या मोजायचं सोडून सहज गडग्याकडे बघायला गेला, आणि त्या दगडी बांधावर त्याला कोणीतरी बसलेलं दिसलं. पिवळं, ठिपक्यांचं, आणि अगदी निवांत. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. पळू नये असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं, पण पायांनी ते वाचलेलं नव्हतं. तो मांगरात कधी शिरला आणि दार कधी लोटलं हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

दार लोटलं आणि खालची बिजागरी हातात आली. वाळवीनं चौकट आतून पोखरून ठेवली होती. दाराला खाट लावली, खाटेला पिंप लावलं, पिंपाला पाठ लावली आणि चिंतामणी खाली बसला. बाहेर पाचोळा वाजला. मग मांगराच्या कुडाच्या भिंतीला अगदी लागून एक खोल, जाड आवाज आला. तो आवाज ऐकल्यावर त्याला आयुष्यात पहिल्यांदा एकही कोटी सुचेना.

वेदिकाला फोन लावला. ती हॅलो हॅलो करत राहिली, हा ओरडत राहिला, फोन कटला. असं तीनदा झालं. मग खिडकीत चढून, एका हातानं गज धरून त्यानं ग्रुपवर लिहिलं, "मांगराबाहेर बिबट्या आहे. वाचवा."

सलिलचं उत्तर लगेच आलं. "आधी तू वाचून दाखव, मग आम्ही वाचवू."

चिंतामणीनं लिहिलं, अरे खरंच बिबट्या आहे, ठिपके दिसले मला. नीरजानं विचारलं, ठिपके किती बाय किती, सांग, म्हणजे रांगोळी काढते. त्यानं लिहिलं, गुरगुरतोय. पुण्याहून अपूर्वही मैदानात उतरला. गुर-गुर म्हणजे दोन गुरं असतील, हाकलून दे. त्यानं लिहिलं, देवाशप्पथ सांगतो, मला भीती वाटतेय. सलिल म्हणाला, मग भिंतीला टेक. भीती आणि भिंतीत एका टिंबाचं तर अंतर.

चिंतामणी घामानं भिजला. मरण दारात बसलंय आणि मित्रांना दाद हवीय! बरं, दोष तरी कोणाला देणार? हा नियम त्यानंच केला होता, आणि याआधी ताप आला तेव्हाही त्यानं तो कोटीतूनच कळवला होता.

आता नीट समजावून सांगू म्हणून त्यानं लिहिलं, दार मोडलंय रे. त्यावर सलिलनं विचारलं, "मग आता दारोदार फिरणार का?"

इथे घात झाला. बाहेर जनावर, आत अंधारायला लागलेलं, आणि त्याच्या बोटांनी आपोआप टाइप केलं, "दार उणं, म्हणून अवस्था दारुण."

पाठवल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. नीरजानं आजची सर्वोत्तम कोटी म्हणून जाहीर केलं. अपूर्वनं लिहिलं की असा बिबट्या रोज पाठवत जा. आता याचा बिबट्या खरा मानणारा माणूस जगात उरला नव्हता. त्यातूनही पाजीपणा असा, की क्षणभर चिंतामणीला बरं वाटलं.

मग दाराची वरची बिजागरी करकरली, आणि सगळं बरं वाटणं निघून गेलं.

त्यानं वेदिकाला मेसेज लिहायला घेतला. ती रविवारी उघडणार हे त्याला ठाऊक होतं. रविवारपर्यंत आपण नसू, हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं सगळं लिहून पाठवलं. कोटी नाही, काही नाही. मग ग्रुप उघडला, डोळे मिटले आणि ग्रुप सोडला.

ही खबर फक्त ॲडमिनला जाते. दुसरी ॲडमिन नीरजा. ती पोळ्या लाटत होती. फोनवर ओळ दिसली आणि तिच्या हातातलं लाटणं थांबलं. तिनं सलिलला फोन केला. "चिंत्यानं ग्रुप सोडला," ती म्हणाली. "म्हणजे बिबट्या खरा आहे." सलिलनं एका पेशंटला उघड्या तोंडानिशी खुर्चीत सोडलं, जीप काढली आणि वाटेत नीरजाला घेतलं. पावसच्या रस्त्यावरचा भाट्याचा पूल कधी गेला ते दोघांनाही आठवत नाही.

बागेच्या तोंडाशी जीपचा उजेड गडग्यावर पडला तेव्हा ते जनावर तिथेच होतं. सलिलनं हॉर्नवर दोन्ही हात ठेवले ते काढलेच नाहीत. बिबट्यानं वैतागून एकदा मागे पाहिलं आणि पलीकडच्या बागेत उडी टाकली. बराच वेळ दोघं गाडीतून उतरली नाहीत. पिठाच्या हातांनीच नीरजानं सलिलचा शर्ट घट्ट धरला होता.

मांगरातून चिंतामणीला बाहेर काढायला पिंप, खाट आणि चिंतामणी असं तिघांनाही ढकलावं लागलं. तो दोघांच्या गळ्यात पडून रडला. रत्नागिरीपर्यंतच्या रस्त्यात जीपमध्ये कोणी एकही कोटी केली नाही. वेशीपाशी सलिल हळूच म्हणाला, "चिंत्या, माफ कर रे." एवढं सरळ वाक्य त्याच्या तोंडून शाळा सुटल्यापासून कोणी ऐकलं नव्हतं.

घरी मात्र चिंतामणी पुन्हा चिंतामणी झाला. बिबट्या आला होता, मी डबा बडवला, तो गेला, असं त्यानं वेदिकाला सांगितलं. घाबरलात का, तिनं विचारलं. छे, तो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी दुकानात तीच कथा गिऱ्हाइकांना सांगता सांगता बिबट्या हातभर वाढला.

रविवारी सकाळी तो पेपर वाचत होता. वेदिकानं चहाचा कप ठेवला, चष्मा लावला, फोन घेतला. तेव्हा त्याला एकदम आठवलं. गुरुवारचा मेसेज! त्यानं घाईनं आपला फोन काढला, पण तो पुसून टाकायची मुदत कधीच उलटून गेली होती. तो पेपरामागे दडून बसला आणि ऐकत राहिला.

वेदिका वाचत होती. बराच वेळ वाचत होती. चहावर साय धरली. मग तिनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि मोठ्यानं वाचलं, "वेदिका, मला फार भीती वाटतेय. तू होतीस म्हणून माझं घर चाललं. हे तुला कधी सांगितलं नाही, चुकलं माझं."

पेपर आणखी वर सरकला.

"अहो," ती म्हणाली, "चारदा वाचलं मी. यात कोटी कुठे आहे?"