सध्या कोणाचं ऐकता?

रविवारी सकाळी चष्मेवाले एकट्यापुरता चहा गाळत असताना फोन वाजला. वाजला म्हणजे नुसता 'टिंग' झाला. पण हल्ली त्यांना तेवढंही पुरायचं. एका हातात गाळणं धरून त्यांनी दुसऱ्या हाताने मजकूर उघडला. 'नव्या सभासदाचं स्वागत! आता रिवाजाप्रमाणे सांगा : सध्या कोणाचं ऐकता? आणि का?'

गटाचं नाव होतं 'कानात काय?' आणि तो चालवत होते दातांचे डॉक्टर. त्यांना गाण्याचं भारी वेड. दवाखान्यात दिवसभर गाणी लावून ठेवायचे आणि पेशंटचं तोंड उघडं असल्यामुळे कोणाला तक्रार करता यायची नाही. 'आ करा' म्हटल्यावर पेशंट जो 'आ' करतो तो सुरात आहे की नाही, हेही ते मनातल्या मनात बघतात, असं त्यांची नर्स सांगायची. मागच्या आठवड्यात ते चष्मा करायला आले आणि दुकानातली शांतता त्यांना सोसवेना. "काका, साधा रेडिओसुद्धा नाही? थांबा, तुम्हाला आमच्या गटात घेतो," म्हणत चष्मेवाल्यांच्याच फोनवर परस्पर बोटं फिरवून ते मोकळे झाले.

चष्मेवाल्यांनी नको म्हटलं नाही. बायको जाऊन वर्ष उलटलं होतं. मुलगी नोकरीनिमित्त लांब. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकं यायची, खुर्चीत बसून भिंतीवरच्या तक्त्याकडे डोळे बारीक करून बघायची आणि म्हणायची, "ग... म... हा प आहे का ष?" म्हणजे बोलणारी माणसं होती, पण एकेक अक्षर बोलणारी. संध्याकाळी शटर ओढलं की अक्षरंही संपली.

तेव्हा कोणीतरी आपल्याला आख्खा प्रश्न विचारलाय, तर उत्तर मनापासून द्यावं असं त्यांना वाटलं. प्रश्नही सरळ होता. सध्या कोणाचं ऐकता? त्यांनी चहा निवू दिला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'सध्या कोणाचंच ऐकत नाही. जन्मभर फक्त बायकोचं ऐकलं. ती गेल्यापासून दुसऱ्या कोणाचं ऐकावं असं वाटत नाही.'

मग एकदम टिंग टिंग सुरू झालं. डॉक्टरांनी लिहिलं, 'काका! घरातच गाणं होतं आणि तुम्ही बोलला नाहीत?' पण नेमका हा मजकूर इतरांच्या फुलांच्या आणि हात जोडलेल्या चित्रांच्या गर्दीत वर सरकून गेला. चष्मेवाल्यांना दिसला तो त्यापुढचा. गाणं शिकवणाऱ्या एक बाई गटात होत्या, त्यांनी विचारलं होतं, 'आवाज कसा होता हो त्यांचा?'

'मोठा,' चष्मेवाल्यांनी खरं ते लिहिलं. 'तिसऱ्या मजल्यावरून लावला की खाली रस्त्यावर स्वच्छ ऐकू यायचा.'

'वा! असा पल्लेदार आवाज आता कुठे मिळतो? सकाळी लवकर बसायच्या?'

'बसायची कसली? उठल्या उठल्या सुरू व्हायचं, ते मी दुकानात जाईपर्यंत.'

'आणि तालीम कोणाची?'

'आईची. आमच्या सासूबाईंचा आवाज तर हिच्याही वरचा.'

'पिढीजात!' डॉक्टरांनी लिहिलं आणि पुढे उद्गारचिन्हांची रांग लावली. 'चारचौघांत कार्यक्रम केले का कधी?'

चष्मेवाल्यांना हा प्रश्न जरा खासगी वाटला. तरी त्यांनी लिहिलं, 'शक्यतो टाळायची. पण राहवलं नाही तर पाहुण्यांसमोरसुद्धा करायची.'

'आणि साथीला?'

साथीला? इथे चष्मेवाल्यांचं बोट थांबलं. त्यांनी सगळे मजकूर खालून वर वाचत नेले, डॉक्टरांचा पहिला मजकूर सापडला आणि सगळा उलगडा झाला. या मंडळींना बायको गायची असं वाटतंय! बिचारीने आयुष्यात एक ओळ गुणगुणली नव्हती. गाणं लागलं की ती रेडिओ बंद करायची, कारण त्याच्यापुढे तिचं बोलणं तिलाही ऐकू जात नसे आणि नवऱ्यालाही.

त्यांनी घाईघाईने लिहायला घेतलं, 'गैरसमज होतोय. ती गात नव्हती, ती मला...' आणि तिथेच अडले. बायको गेल्यावर लोक भेटायला आले होते, पण तिच्याबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. 'जेवता ना वेळेवर?' एवढंच. आज पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं, तिचा आवाज कसा होता, ती केव्हा उठायची, कोणावर गेली होती. आत्ता खरं सांगितलं तर विचारणं थांबेल, आणि उद्यापासून परत ग, म, प, ष. त्यांनी लिहिलेलं पुसून टाकलं आणि लिहिलं, 'साथीला मीच. मान डोलवायला.'

एकदा हे केल्यावर पुढचं अंगावर येणारच होतं. डॉक्टरांनी विचारलं, काही ध्वनिमुद्रण? चष्मेवाले खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. 'एकच आहे. फोनमध्ये. अगदी छोटं,' त्यांनी लिहिलं. झालं! डॉक्टरांनी जाहीर करून टाकलं की पुढच्या रविवारी संध्याकाळची बैठक काकांच्या घरी, त्या दुर्मीळ ध्वनिमुद्रणासाठी. मोठे स्पीकर ते स्वतः आणणार. आणि कानसेन येणार.

कानसेन म्हणजे वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं गाण्यावर लिहिलेले एक म्हातारे गृहस्थ. भल्याभल्या गवयांच्या मैफिलींवर त्यांनी 'बरं झालं' यापलीकडे शब्द खर्च केलेला नव्हता. तेही एकटेच राहायचे, कोणाकडे जायचे नाहीत. ते येणार म्हटल्यावर गटातल्या मंडळींनी आनंदाने इतकी फुलं पाठवली की चष्मेवाल्यांचा फोन दुपारपर्यंत गरम होता.

त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, आई गायची?" मुलगी किंचाळलीच. "आई शेजारच्या कुत्र्यावर ओरडली तर तो त्यांच्या घरात जाऊन लपायचा!"

"मी गायची असं म्हटलंच नाही. मी ऐकायचो असं म्हटलं."

"मग आता सरळ सांगून टाका ना."

"सांगितलं तर कोणी येणार नाही गं."

"मग काय करणार आहात?"

"तेच विचारायला फोन केला. आपल्याकडे खुर्च्या किती आहेत? आणि चहाला दूध किती लागेल?"

रविवारी संध्याकाळी बैठक भरली. खुर्च्या पुरल्या नाहीत. कानसेनांना हात असलेल्या एकुलत्या एका खुर्चीत बसवलं, बाई आणि इतर मंडळी जमेल तशी दाटीवाटीने बसली आणि डॉक्टर पलंगाला टेकून जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांचे दोन स्पीकर कपाटाएवढे होते. ते आत आणताना दाराची कडी निखळली होती, पण रसिकतेपुढे कडीचं काय, असा डॉक्टरांचा चेहरा होता.

चष्मेवाल्यांनी खरं सांगायचं ठरवलं होतं. ते उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "त्याचं काय आहे, तुम्ही समजताय तसं—"

"काका, प्रस्तावना नको!" डॉक्टर म्हणाले. "थेट ऐकू."

"नाही, पण ऐका ना माझं—"

"तुमचं नंतर. आधी त्यांचं." आणि डॉक्टरांनी त्यांच्या हातातून फोन घेऊन स्पीकरला जोडलासुद्धा.

कानसेनांनी डोळे मिटले. बाईंनी मांडीवर ताल धरायला हात तयार ठेवला. कोणीतरी पंखाही बंद केला. चष्मेवाल्यांनी भिंतीला पाठ लावली. हे ध्वनिमुद्रण ते रोज दुकान बंद केल्यावर शटरच्या आत उभं राहून कानाशी धरून ऐकत. आजवर ते दुसऱ्या कोणाच्या कानावर गेलं नव्हतं. आपण तिला चारचौघांत हसं करायला उभं करतोय, या विचाराने ते रडायच्या बेताला आले. पण डॉक्टरांनी कळ दाबली होती.

"अहो, ऐकलं का?"

भिंती हादरल्या. कपाटातल्या बश्या वाजल्या. आणि एक विलक्षण गोष्ट घडली. खोलीतले झाडून सगळे नवरे ताठ बसले. डॉक्टरांच्या तोंडून "हो, हो, आलो" निघून गेलं. कानसेन तर डोळे मिटलेल्या अवस्थेतच खुर्चीचे हात धरून अर्धे उठले.

"मी घाईत निघालेय, दूध गॅसवर राहिलंय," स्पीकर कडाडले. "आधी तो पेपर बाजूला ठेवा आणि गॅस बंद करा!"

"अगं बाई, दूध!" बाई ओरडल्या. स्वयंपाकघरातून खरोखरच करपल्याचा वास येत होता. चहाचं दूध चष्मेवाल्यांनी मघाशी गॅसवर ठेवलं होतं आणि स्पीकरच्या गडबडीत साफ विसरले होते. बाई आत धावल्या, भांड्याचा आवाज झाला, पाण्याचा फस्स झाला. इकडे बोलणं चालूच होतं.

"बाल्कनीतल्या कुंडीत पाणी घाला, रोपाने मान टाकलीय. आणि मोजे पलंगाखाली सारू नका, मला दिसतं सगळं!"

पलंगाला टेकलेल्या डॉक्टरांनी नकळत हात मागे नेला आणि मोज्यांची एक जोडी बाहेर काढली. ती कुठे ठेवावी ते न कळून त्यांनी मांडीवर ठेवली.

"ऐकताय ना? नुसतं हो म्हणू नका. उठा!"

आणि संपलं. स्पीकर नुसते घुंघुं करत राहिले.

कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. चष्मेवाले भिंतीकडे बघत म्हणाले, "हेच सांगत होतो मघापासून. ती गायची नाही हो. ती सांगायची आणि मी ऐकायचो. तुम्ही विचारलंत, कोणाचं ऐकता, मी आपलं लिहिलं. चूक लक्षात आली तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिच्याबद्दल कोणी विचारत नाही ना, म्हणून..."

बाई करपलेलं भांडं हातात घेऊन दारात उभ्या होत्या. डॉक्टर मोज्यांची घडी घालत होते. शेवटी कानसेन उठले, काठी घेतली, फोनकडे बघितलं आणि म्हणाले, "शब्द स्वच्छ होते." एवढंच. आणि निघून गेले.

मग बाकीचेही उठले. बिनदुधाचा चहा घोट-घोट घेऊन, 'येतो', 'बरंय' असं पुटपुटत मंडळी पांगली. डॉक्टरांनी स्पीकर बाहेर नेले. दार आता नीट लागत नव्हतं. चष्मेवाल्यांनी खुर्च्या एकावर एक रचल्या. गटातून आपलं नाव कधी काढतायत, एवढंच बघायचं बाकी होतं. ते फोन समोर ठेवून बसले. घर नेहमीपेक्षा रिकामं वाटत होतं, कारण मघाशी ते भरलं होतं.

टिंग झालं. नाव काढलं असणार, असं समजून त्यांनी चष्मा वर सरकवून बघितलं. कानसेनांकडून आलं होतं, लिहिलेलं नव्हतं, बोललेलं होतं. या माणसाने नावं ठेवल्याशिवाय आयुष्यात कोणाला सोडलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी मनाची तयारी करून फोन कानाशी धरला.

आधी नुसती खोकल्याची उबळ ऐकू आली. मग तो घोगरा, किरकिरा, जन्मात एकाही सुराला न लागलेला म्हातारा आवाज म्हणाला, "अहो, ऐकलं का? घरी आल्यावर लक्षात आलं. दूध उतरवलं, मोजे निघाले, पण त्या कुंडीला पाणी घालायचं राहिलं बघा. पुढच्या रविवारी येईन तेव्हा बघणार आहे मी. ऐकताय ना?"

"हो, हो," चष्मेवाले रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले आणि बसून राहिले.

फोनमधला तो निरोप अजून संपला नव्हता. "नुसतं हो म्हणू नका," कानसेन म्हणाले. "उठा."

चष्मेवाले उठले.