मुका फ्रिज

तळ्याकाठी गाडी उभी करून अर्धा दिवस उलटला, तरी फ्रिज काही गार होईना. आत क्रीमचा केक होता आणि तो उद्या जेवायला येणाऱ्या व्याह्यांसाठी होता. अजून ते व्याही झाले नव्हते म्हणा. मुलाने मुलगी पसंत केली होती, आईबापांची पहिली भेट व्हायची होती. मुलीकडचे लोक सुट्टीत घरासारख्या गाडीतून भटकतात असं कळल्यावर घड्याळजींनी उत्साहाच्या भरात तसलीच एक जुनी गाडी घेतली आणि बायको-सासऱ्यांना घेऊन तळ्यावर आले. झोपायला फळ्या, स्वयंपाकाला शेगडी आणि गॅसवर चालणारा फ्रिज.

"चालू तरी आहे का तो?" बायकोने विचारलं.

घड्याळजींनी फ्रिजला कान लावला. जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला, यंत्र जिवंत की मेलेलं हे ते कानाने ओळखत. फ्रिज ठार मुका होता. बाहेर जाऊन त्यांनी त्याच्या मागच्या जाळीला हात लावला, तर जाळी चांगली तापलेली. गार करणारं यंत्र गरम होतंय, म्हणजे नक्की काहीतरी उलटं जोडलंय. आत येऊन त्यांनी गुपचूप बटण बंद केलं. यंत्राला जरा विसावा दिला की ते ताळ्यावर येतं, हा दुकानातला अनुभव. बायकोला उगाच घोर नको म्हणून ते काही बोलले नाहीत.

थोड्या वेळाने पाहतात तर जाळी पुन्हा गरम. आत येऊन बघितलं, बटण चालू. आपण बंद केलं होतं ना? त्यांनी ते पुन्हा बंद केलं आणि या वेळी स्वतःशीच मोठ्याने म्हटलं, "बंद केलं."

पुढच्या खेपेला बटण पुन्हा चालूच होतं, पण जाळी गारढोण. ठिणगी देऊन पाहिली, ज्योत पेटेना. शेगडीही पेटेना. शेवटी त्यांनी गाडी विकणाऱ्याला फोन लावला.

"गाडी सपाट उभी आहे का?" त्याने विचारलं. "तिरक्या गाडीत तो फ्रिज चालत नाही."

"फ्रिजला काय कळतं गाडी तिरकी आहे ते?"

"त्याला कळतं," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मग चाकाखाली फळ्या घालून गाडी पुढेमागे घेणं आलं. केक एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटला. घड्याळजी घामाघूम होऊन आत आले, फ्रिजच्या तळाच्या भोकातून डोकावले, तर आत निळी ज्योत शांतपणे जळत होती. त्यांनी ती पेटवलेली नव्हती. निदान पेटवल्याचं आठवत तरी नव्हतं.

ते फळीवर मटकन बसले.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. मला वाटतं, माझं डोकं चालेनासं झालंय. मी बंद करतो ते चालू होतं, चालू करतो ते विझतं. उद्या तू बोल त्यांच्याशी. मी आपला गप्प बसेन."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. "बंद तुम्ही करत होतात? मी दर वेळी पेटवतेय. मला वाटलं, आपोआप विझतोय."

"मग मधे शेगडी का पेटत नव्हती?"

बाहेर खुर्चीत बसलेले सासरे खाकरले. ते अग्निशामक दलातून निवृत्त झाले होते. "जावईबापू, फ्रिज बसवलाय त्या लाकडी कपाटात ज्योत दिसली. मी सिलिंडर बंद केला. पण कोणीतरी तो सारखा उघडत होतं."

"मी," बायको म्हणाली.

"बाबा, गार करायला आग लागते त्याला," घड्याळजी म्हणाले. म्हणाले खरे, पण ते त्यांना स्वतःलाही पटलं नव्हतं.

"आगीने गार कसं होईल?"

 शेवटी एवढंच ठरलं, की कोणी कशाला हात लावायचा नाही. संध्याकाळभर तिघंही बाहेर बसून तळ्याऐवजी एकमेकांच्या हातांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मुलीकडचे लोक आपली गाडी घेऊन आले, तेव्हा केक दगडासारखा गोठला होता. बायकोने भराभरा पेटवताना बटण शेवटच्या आकड्यापर्यंत नेलं होतं. सुरी आत शिरेना, तेव्हा होणाऱ्या व्याह्यांनी ती हातात घेतली आणि केकवर टकटक वाजवून पाहिलं.

"हा गॅसच्या फ्रिजमध्ये गोठला?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आमचा तर निघाल्यापासून कोमट आहे. काय केलंत तुम्ही?"

"काहीच केलं नाही," घड्याळजी म्हणाले.

व्याह्यांना हा विनय फार आवडला. "असं कसं? तुम्ही यंत्रातली माणसं. जरा बघाच चला."

नाही म्हणणं शक्य नव्हतं. घड्याळजी त्यांच्या गाडीत शिरले, फ्रिजसमोर वाकले, सवयीने कान लावला. काही ऐकू आलं नाही. मग ते उठले आणि त्यांनी विचारलं, "या बटणाला घरातलं कोण कोण हात लावतं?"

व्याह्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "बाबा, बंद तुम्ही करत होतात?"