चाळीस भिंतींवरचा नंबर

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर मेसेज पडला आणि सात वाजून अकरा मिनिटांनी काम गेलं. हिलालच्या फोनवर तो मेसेज उघडला सात वाजून एकोणीस मिनिटांनी. तोपर्यंत खाली आठ जणांनी 'आवुं छुं' लिहिलं होतं, दोघांनी अंगठे दाखवले होते आणि एकानं हात जोडले होते.

"गयं," हिलाल म्हणाला.

"काय गयं?" बायकोनं, मालतीबाईंनी, आतून विचारलं.

"बमरोलीना बीम."

"या आठवडामा कितवा?"

हिलालनं फोन खिशात टाकला. चौथा होता.

यंत्रमागावरचा बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, संपला की नव्या बीमच्या तीन-चार हजार तारा जुन्या तारांना एकेक करून हातानं जोडाव्या लागतात. तोवर माग बंद. बंद मागाकडे शेठ लोक आजारी पोरापेक्षा जास्त काळजीनं बघतात. हिलाल बोरसे हे काम बावीस वर्षं करत होता. सुरतेत उधन्यापासून बमरोलीपर्यंत चाळीस कारखान्यांच्या भिंतींवर ऑइलपेंटनं 'बीम जोडनार हिलालभाई' आणि खाली त्याचा नंबर लिहिलेला होता. बीम संपला की शेठ भिंतीकडे बघायचा आणि फोन लावायचा. मग कुठल्याशा शेठच्या शिकलेल्या मुलानं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. आता निम्मं काम भिंतीवरून यायचं आणि निम्मं ग्रुपवरून, जो आधी 'हो' म्हणेल त्याला. हिलालचा फोन कुठलीही गोष्ट उघडण्याआधी विचार करायचा. विचार करणाऱ्याला ग्रुपवर काम मिळत नसे.

घराजवळ, डिंडोलीच्या नाक्यावर, भूपेंद्रच्या मोबाइलच्या दुकानात नव्या कंपनीचा बोर्ड लागला होता. तुमचा चालू नंबर आमच्या कंपनीत आणा आणि फाइव्ह-जी फोन अर्ध्या किमतीत न्या. मुदत रविवारपर्यंत.

घरात यावर दोन दिवस चर्चा झाली.

"जुनी कंपनी काय वाईट शे? घरमा रेंज येस," मालतीबाई म्हणाल्या.

"घरमा येस. कारखानामा नही येस."

"मंग कारखानामा कंपनी बदल, घरमा ऱ्हाऊ दे."

"मम्मी, एवुं ना होय," धाकटी ज्योती म्हणाली. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि आईबापांचं अडाणीपण सुधारायचं झाल्यास गुजरातीत सुधारत असे. मग बापाला मराठीत सांगितलं, "पप्पा, नंबर तोच राहतो. फक्त कंपनी बदलते. तुमच्या भिंतींना काही होत नाही."

भिंतींना काही होत नाही, हे ऐकून हिलालचा निर्णय झाला.

भूपेंद्रनं खुर्ची पुढे केली. "आवो काका. पाच मिनिटनुं काम छे. सिम तमारा नामे छे ने?"

इथे हिलाल थांबला. पंधरा वर्षांपूर्वी सिम घेतलं तेव्हा त्याचे सगळे कागद गावचे होते. सुरतचं लाइटबिल एकट्या सुपडूकडे होतं. सुपडू म्हणजे त्याचा साडू, मालतीबाईंच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्या काळी सुपडूच्या एका लाइटबिलावर सात जणांचे फोन चालत.

"साडूच्या नावावर आहे," हिलाल म्हणाला.

"तो साडूने लई आवो. फोटो पडशे, अंगठो लागशे. बीजुं कंई नहीं."

भूपेंद्रच्या दृष्टीनं दुसरं काही नव्हतं. हिलालच्या दृष्टीनं तीन वर्षं होती. थोरल्या मुलीच्या लग्नात टॉवेल-टोपीचा मान द्यायला सुरुवात झाली, तेव्हा माइकवाल्यानं सुपडूचं नाव चौथं पुकारलं. थोरल्या साडूचं नाव, चौथं. सुपडू भर मांडवातून उपाशी उठला तो कोसाडला घरी जाऊनच थांबला. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. बहिणी फोनवर बोलत, पण हळू आवाजात.

शुक्रवारी हिलाल घारीच्या मिठाईचा डबा घेऊन कोसाडला गेला. सुपडूनं बीम जोडणं कधीच सोडलं होतं. इच्छापोरच्या एका कारखान्यात तो ठेकेदाराच्या माणसांची हजेरी घ्यायचा आणि घरातही सगळ्यांकडे हजेरी घेतल्यासारखा बघायचा. बाजूला त्याचा मुलगा ललित नव्या फोनवर बोटं फिरवत बसला होता.

"आज कसा काय उना?" सुपडूनं विचारलं.

हिलालनं सांगितलं. सुपडूनं सगळं ऐकून घेतलं, डब्याकडे पाहिलं, मग ललितकडे पाहिलं.

"कोनता नंबर? भिंतवरना?"

"तोच, भाऊ."

"म्हणजे तो नंबर मन्हा शे."

"नावावर तुमना शे."

"घर ज्याना नावावर, घर त्यानं. नंबरनं काय येगळं शे?"

हिलालला तारांचा गुंता हातानं कळतो. हा गुंता कानानं ऐकू आला. ललित वर्षभरापूर्वी बीम जोडायला शिकला होता. त्याच्याकडे चांगला फोन होता. भिंत नव्हती.

"भाऊ, पोटवर पाय नका देऊ," हिलाल म्हणाला.

"मी कोठे दी ऱ्हायनू? तुले अंगठा पाहिजे, दिसू. पन मन्हा मान माले पाहिजे. सगळासना समोर. मांडवमा ऱ्हायना तो."

"दिसू," हिलालनं मान द्यायचं कबूल केलं.

"आनि नंबर बदलाले किती दिस?"

"चारेक दिवस बंद राहू शकतो, काका," ललितनं खाली बघूनच माहिती पुरवली.

"मंग चार दिस शेठलोक कोनले फोन करतीन? परकाले? तू सगळासले सांगी दे, ललितले करा. चार दिसनीच गोट शे."

चार दिवसांचीच गोष्ट होती. हिलालनं मान डोलावली आणि परतीच्या बसमध्ये बसून एकेका शेठला फोन लावायला सुरुवात केली. चाळीसपैकी अडतीस जणांनी फोन उचलला. इतके जण एका दिवशी आपला फोन उचलतात, याचा त्याला त्याही परिस्थितीत अभिमान वाटला.

शनिवारी डिंडोलीच्या दोन खोल्यांत मानाचा कार्यक्रम झाला. मालतीबाईंनी पहाटे खापर चुलीवर चढवलं आणि दुपारपर्यंत मांडे केले. साक्षीला शेजारचे अकरा जण बोलावले. त्यांना प्रसंग काय आहे हे कळलं नव्हतं, पण मांडे आहेत हे कळलं होतं. सुपडूला पाटावर बसवलं. टॉवेल झाला, टोपी झाली, नारळ झाला. हिलाल वाकला. त्याच्यापेक्षा सुपडू सहा वर्षांनी मोठा होता, त्यामुळे वाकणं नियमात बसत होतं. पण अकरा जण बघत असताना माणूस नियमात वाकला आहे की गरजेत, हे पाठीवरून कळतं.

सुपडू उठला नाही.

"काय राह्यलं, दाजी?" मालतीबाईंनी विचारलं.

"लगीनमा बँड व्हता."

"दाजी, बँड आना तर नवरी बी आननी पडी."

शेजारी हसले. सुपडू हसला नाही. शेवटी ज्योतीनं बापाच्या फोनवर बँडची धून लावली. फोन अर्ध्या मिनिटात अडकला आणि एकच सूर धरून बसला. तेवढ्या एका सुरावर सुपडू मानानं उठला आणि सहा मांडे जेवला. लग्नातले तीन आणि आजचे तीन, असा त्याचा हिशेब असावा.

रविवारी तो टोपी आणि खांद्यावर टॉवेल अशा थाटात भूपेंद्रच्या दुकानात आला. मशीननं त्याचा अंगठा पहिल्या फटक्यात ओळखला. हिलालला त्याचं नवल वाटलं. तारा ओढून ओढून हिलालच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. रेशनच्या दुकानातही मशीन त्याला ओळखत नसे.

"थई गयुं, काका," भूपेंद्र म्हणाला. "मेसेज आवशे. पछी फोन लई जाव."

मेसेज मंगळवारी आला. ज्योतीनं वाचला, पुन्हा वाचला.

"पप्पा, रिजेक्ट केलंय. नंबरधारकाचं नाव जुळत नाही म्हणतात."

सुपडूला कळवलं तेव्हा तो चिडला. "जुळत नही म्हणजे? मन्हं नाव मी बदललं नही!"

बुधवारी हिलाल, मालतीबाई आणि सुपडू जुन्या कंपनीच्या ऑफिसात गेले. मालतीबाईंना खरं तर यायचं नव्हतं. पण दोघा साडूंना एकट्यानं कुठेही पाठवू नये, एवढं त्यांना तीन वर्षांत समजलं होतं. काउंटरवर स्वाती नावाची मुलगी होती, अमळनेरकडची निघाली. तिनं नंबर टाइप केला, पडद्याकडे पाहिलं, मग तिघांकडे.

"हा नंबर मालतीबाई हिलाल बोरसे यांच्या नावावर आहे."

सुपडूनं हिलालकडे पाहिलं, हिलालनं बायकोकडे.

"कधीपासून?" हिलालनं विचारलं.

"आठ वर्षं झाली, काका. सगळ्यांनी परत अंगठे द्यायचे होते ना, तेव्हापासून. मालतीबाई कोण?"

मालतीबाईंनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

तेव्हा हिलालला आठवलं. उधना रस्त्यावर छत्रीखाली एक माणूस मशीन घेऊन बसला होता. अंगठा द्या, नाहीतर सिम बंद, असं सगळीकडे झालं होतं. हिलालचा अंगठा तीनदा फसला. मागे रांग ओरडत होती. घरचं कोणी असेल तर चालेल, असं तो माणूस म्हणाला. मालतीबाई सोबत भाजी घ्यायला आल्या होत्या. त्यांनी डाव्या हातात मेथी धरली आणि उजवा अंगठा दिला. कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. नवऱ्यानं दाखवलेल्या जागी अंगठा लावायचा आणि घरी येऊन भाजी निवडायची, इतकं साधं ते काम होतं.

म्हणजे नंबराची मालकीण शनिवारी पहाटेपासून चुलीपाशी बसून, नंबराचा मालक नसलेल्या माणसासाठी मांडे करत होती.

सुपडूनं टोपी काढून हातात घेतली. ती उलटसुलट करून पाहिली. "मंग मी मान कशाना लिधा?"

"मांडे मन्हाच व्हतात, दाजी," मालतीबाई म्हणाल्या. "नंबर बी मन्हाच निंघना. टोपी ठेवा तुम्ही."

तिथून तिघे भूपेंद्रकडे गेले. आता मालतीबाईंचा अंगठा घ्या, असं हिलाल म्हणाला. भूपेंद्रनं तोंडातला मावा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"स्कीम तो रविवारे पूरी थई गई, काका. दिवाळी पर नवी आवशे."

"आणि फोन?"

"फोन छे ने. पूरा भाव मां."

हिलालच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. अर्ज नाकारला गेल्यामुळे त्याचा नंबर एक तासही बंद पडला नव्हता. शुक्रवारपासून तो अखंड चालू होता आणि शुक्रवारपासून त्यावर एकाही शेठचा फोन आला नव्हता.

त्यानं संध्याकाळी परत एकेकाला फोन लावला. नंबर चालूच आहे, मलाच करा. या वेळी सतरा जणांनी उचलला. पांडेसऱ्याचा शेठ म्हणाला, "ललित सारो छोकरो छे, हिलालभाई. काम पूरुं थाय एटले वीडियो मोकले छे." उधन्याचा शेठ म्हणाला, लोकेशन टाकलं की ललित बरोबर दारात उभा राहतो, तुमच्यासाठी तर आम्हालाच रस्त्यावर येऊन हात करावा लागायचा. कोणी वाईट बोललं नाही. वाईट बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बमरोलीला जाऊन आला. पहिल्याच कारखान्याच्या भिंतीवर त्याच्या नावावर आणि नंबरावर चुना मारला होता. 'बीम जोडनार' तेवढं तसंच ठेवलं होतं. खाली नवं नाव, नवा नंबर. रंग ओला होता. हिलालनं बोट लावून पाहिलं.

दुपारी ललितचा फोन आला. आवाजात लाज होती, आणि मागे मागांचा खडखडाटही.

"काका, एकट्याला झेपत नाही हो. आज तीन बीम आहेत. हाताखाली याल का?"

"कुठं यायचं?"

"ग्रुपवर टाकतो ना. लगेच हो म्हणा फक्त. नाहीतर दुसरं कोणी येईल."

ललितनं ग्रुपवर टाकलं. हिलाल ते उघडायची वाट बघत उंबऱ्यात बसून राहिला. उघडलं तेव्हा खाली पाच जण हो म्हणाले होते.

पुढचे तीन दिवस फोन वाजला नाही. हिलालनं तो दोनदा बंद करून चालू केला. ज्योतीला मिस कॉल द्यायला लावला, तो नीट आला. रेंज पूर्ण होती. घरात तर ती कायमच यायची.

चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर होता. हिलालनं हातातला चहा अर्धवट ठेवला, घसा साफ केला आणि शेठ लोकांशी बोलायच्या आवाजात म्हणाला, "हां, बोलो शेठ."

तिकडून एक गोड आवाजाची मुलगी मराठीत बोलली. "नमस्कार, मी कंपनीतून बोलतेय. मालतीबाई बोरसे आहेत का?"

हिलालनं फोन कानावरून काढला. मग आत गेला आणि पिठाचे हात घेऊन बसलेल्या बायकोच्या कानाला फोन लावला.

"कोन शे?"

"तुन्हाच शे."

मालतीबाई ऐकत राहिल्या. आपण आमच्या जुन्या ग्राहक आहात, आपण आम्हाला सोडून जाणार होता पण राहिलात, आम्हाला फार आनंद झाला, आपल्यासाठी आम्ही काय करू शकतो, असं ती मुलगी न थांबता सांगत होती. आपल्यासाठी काय करू शकतो, हे मालतीबाईंना पन्नास वर्षांत पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. त्यांनी नवऱ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे बीम जोडायचं काही काम असेल तर सांगा. आमच्याकडे एक माणूस रिकामा आहे."