पैलतीरच्या विणकरांस हुसकू गेले ती हकीकत

श्रीगजानन वाचणारास सबुरी देवो. लिहिणाराची केव्हाच सरली. शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सरे, चैत्र मासी एके राज्यात ऐसे वर्तले की प्रधानजींचे चित्ती आले, परके फार झाले; आणि मग हुकूम सुटला की ज्याची नाळ या भूमीत पुरली नाही त्याने आठ दिवसांत नदीपार व्हावे. परके ते कोण? तर पैलतीरचे विणकर. त्यांस थोरल्या महाराजांनी हाताला धरून आणिले, ओसाड माळ दिला, आणि त्यांनी तेथे माग मांडिले, आणि मग रंगारी आले, सूत कातणाऱ्या बायांस काम लागले, बाजार भरू लागला, आणि सरकारने मागामागे पट्टी बसविली, तीवर घोडी पोसली, पूल बांधिला, प्रधानजींची पालखीही तीवरच चाले. हे पोरासोरांस ठाऊक, दरबारास नाही. काय म्हणावे!

मग विणकरांतली वडीलधारी नरसव्वा दरबारी आली आणि म्हणाली, "महाराज, आमची मुलं इथंच जन्मली, त्यांच्या नाळा इथं. म्हणजे पोरं ठेवायची आणि आयांनी जायचं?"

चिकाच्या पडद्याआडून राणीसाहेब बोलिल्या, "आम्हीही पैलतीरच्याच. आमचंही गाठोडं बांधू का?"

"भलतंच काय! तुम्ही घरच्या," महाराज गडबडले.

"आणि ही?"

महाराजांनी प्रधानजींकडे पाहिले, प्रधानजींनी छताकडे पाहिले, आणि मग म्हणाले, "ही... पाहुणी समजू. राहू द्यावं." तोड महाराजांस फार पसंत पडली.

नरसव्वाने हात जोडिले. "बरं झालं. पाहुणे तर पाहुणे. पण पाहुण्यांकडून पट्टी घेत नाहीत ना? का तुमच्यात घेतात?"

प्रधानजी असे उठले की पगडी कानावर आली. "पाहुणी कसली, महाराज! रयत ती! थोरल्या महाराजांची जुनी रयत!"

आणि हुकूम फिरला, आणि नरसव्वा घरी जाऊन, निघायच्या घाईत कापलेला मागावरचा ताणा धाग्याला धागा जोडीत बसली, तशीच माळावरची सारी घरे बसली, आणि पावसाळाभर माळावरून कापड निघाले नाही, आणि मग प्रधानजींनी विचारणा धाडिली की विणकर हल्ली आळसावले काय?

सारांश, विणकर राहिले, राज्य राहिले, आणि प्रधानजीही राहिले. इलाज नाही.