सेतुरावांच्या मोटारीतला वास

सेतुरावांच्या घरावरून जाणारा माणूस सरळ पुढे गेला, असं तंजावरच्या आमच्या गल्लीत क्वचितच व्हायचं. पोस्टमन असो, केळीची पानं विकणारी बाई असो, नाहीतर नुकतीच राहायला आलेली माझ्यासारखी साताऱ्याची बाई असो, सेतुराव फाटकातून हात करायचे, आदबीनं आत न्यायचे आणि आपल्या जुन्या विलायती मोटारीत मागच्या सीटवर बसवून दार लावून घ्यायचे. मग खिडकीशी वाकून विचारायचे, "पेट्रोलचा वास येतो कीं?"

पहिल्या दिवशी मी घाबरलेच. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून या गावात आलेली मी. शेजारी मराठी बोलणारं घर आहे म्हणून हरखून गेले आणि बघता बघता मोटारीत कोंडली गेले. कारण साधं होतं. तरुणपणी कसल्याशा तापात सेतुरावांचं नाक गेलं होतं. म्हणजे नाक जागच्या जागी होतं, चांगलं तरतरीत होतं, वास तेवढा येत नव्हता. म्हणून गल्लीतली सगळी नाकं त्यांनी कामाला जुंपली होती.

त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेलं, ते इथलंच होऊन गेलेलं. घरात मराठी, बाहेर तमिळ. माझं बोलणं त्यांना पसंत नव्हतं. "तुमचं मराठी फार नवं, बाई," म्हणायचे, "मज समजतं, पण मुरलेलं नाही." मोटारीला मात्र ते तमिळमध्ये 'वंडी' म्हणायचे आणि तिच्याबद्दल कुणी वावगं बोललेलं त्यांना खपत नसे. तेव्हा नव्या छोट्या गाड्या तंजावरातही दिसायला लागल्या होत्या. त्यांचं झाकण उघडून सेतुराव आत डोकावायचे आणि म्हणायचे, "सगळं झाकलेलं. हात कुठें घालावा माणसानं?"

हात घालायची हौस दांडगी होती. रोगाचं मूळ कार्बोरेटरमध्ये आहे, हे त्यांनी केव्हाच ठरवलं होतं आणि मला ते इतक्या वेळा समजावलं की झोपेत उठवलं तरी सांगेन. कार्बोरेटरच्या वाटीत एक पोकळ पितळी फ्लोट असतो. वाटी भरली की तो तरंगत वर येतो आणि पेट्रोलची वाट बंद करतो. त्याला बारीक भोक पडलं की आत पेट्रोल शिरतं, तो बुडतो, वाट उघडीच राहते आणि पेट्रोल बाहेर ओसंडतं. भोक शोधायला सेतुराव फ्लोट कढत पाण्यात बुडवायचे; बुडबुडा येईल तिथे भोक. हे पाणी तापायचं तुळसाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, सांबाराच्या पातेल्यात. नंतर ते पातेलं चिंचेनं घासत तुळसाबाई मला म्हणायच्या, "झालं बाळाचं न्हाणं."

भोक सापडलं की सेतुराव त्यावर कथलाचा डाग द्यायचे. डागानं फ्लोट जड व्हायचा आणि पेट्रोल जास्तच ओसंडायचं. मग जड झाला म्हणून कानशीनं घासायचे, आणि घासून घासून पुन्हा भोक. नवा मिळत नाही का, असं मी एकदा विचारलं. "ह्या वंडीचा फ्लोट आतां विलायतेंतही नाही," ते अभिमानानं म्हणाले. घ्या!

त्यातून परीक्षेची तऱ्हा न्यारी. घरी आलेल्याला कापी, म्हणजे कॉफी, दिल्याशिवाय काम सांगायचं नाही, हा त्या घरचा रिवाज. त्यामुळे जो तो हातात वाफाळता टंबलर घेऊनच मोटारीत बसायचा. फिल्टरची ती दाट कापी नाकाशी असताना पेट्रोल कुणाला कळणार? सगळे म्हणायचे, "वास नाही." केळीच्या पानांवाली तेवढी कापीला शिवत नसे. ती नाक मुरडून म्हणायची, "येतो." की सेतुराव पुन्हा बॉनेट उघडायचे.

"अहो, कापी नंतर द्या," मी सुचवून पाहिलं.

"कापी न देतां कुणास राबवूं?" ते दुखावलेच. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

एवढा खटाटोप तुळसाबाईंसाठी होता. पेट्रोलच्या वासानं त्यांचं डोकं फुटायला यायचं. त्यांची थोरली बहीण, सगळे तिला अक्का म्हणायचे, पापनाशमला अंथरुणाला खिळली होती. घटकाभराची तर वाट. पण तुळसाबाईंचे गुडघे गेलेले. बसची पायरी चढवेना, आगगाडीची तर त्याहून उंच. अक्काचे निरोप यायचे, एकदा तोंड दाखवून जा. सेतुरावांचं उत्तर ठरलेलं: "वास पुरता जाऊं दे. मग तुज राणीसारखी नेतों." भाड्याची गाडी सांगा, असं मी म्हटलं तर म्हणाले, "घरची वंडी दारीं असतां बायकोस भाड्यानें बहिणीकडे पाठवूं?" तुळसाबाई समोर बसून भाजी चिरत होत्या. चिरतच राहिल्या. मला त्यांचा राग आला होता. सेतुरावांचा तर आलाच होता.

एका सकाळी कोपऱ्यावरचा एसटीडी बूथवाला निरोप घेऊन आला. अक्का गेली होती.

कार्बोरेटर ओसरीवर उघडा पडला होता. सेतुरावांनी तो जोडला, कुणाला वास विचारला नाही, कापीही झाली नाही. सोबत म्हणून मी तुळसाबाईंशेजारी मागे बसले. गाडी गावाबाहेर पडली तोच असा भपकारा आला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुळसाबाईंनी नाकाला पदरसुद्धा लावला नाही. भाताच्या खाचरांकडे बघत बसल्या होत्या. कपाळावरची शीर मात्र ताठ उभी राहिली होती.

आरशात बघून सेतुरावांनी गाडी कडेला घेतली. सोबत आणलेल्या कूज्यातलं, म्हणजे फिरकीच्या तांब्यातलं, पाणी ओतून आपला पंचा भिजवला, मागचं दार उघडलं आणि तो तुळसाबाईंच्या कपाळावर धरला.

"अगो, दुखतंय फार?"

"दुखतंय. दुखूं दे." तुळसाबाई शांतपणे म्हणाल्या. "गावभर विचारलंत. मज एकदा विचारायचं होतंत. आले असते कीं डोकं धरून. अक्का दिसली असती."

सेतुराव रस्त्यावर तसेच वाकून उभे होते. पंच्याचं पाणी त्यांच्या बाहीतून खाली गळत होतं, त्याची शुद्ध नव्हती. आयुष्यभर ज्या बाईचं डोकं दुखू नये म्हणून हा माणूस जिवाचं रान करत होता, तिच्यापुढे त्याला तोंड वर करवेना. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"मज वाटलं, अक्का थांबेल," ते म्हणाले.

"थांबली होती कीं. पुष्कळ थांबली."

तुळसाबाईंनी पंचा त्यांच्या हातातून घेतला, पिळला आणि त्यांचं तोंड पुसून दिलं.

"चला," त्या म्हणाल्या. "आतां तरी उशीर नको."