अठरा फटके

तीस सप्टेंबरला कृष्णकांत देवपुजारी कामठीच्या लष्करी डेपोतल्या भांडार शाखेतून निवृत्त झाले आणि एक ऑक्टोबरला सकाळी नऊ वाजता, पूजा आटोपून, इस्त्रीचा शर्ट घालून, नागपुरातल्या आपल्या घराच्या गच्चीवर कामाला हजर झाले. काम गोल्फचं होतं. वेळ नऊ ते पाच, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. बायकोला, यमुताईंना, वाटलं, दोन दिवसांत उत्साह ओसरेल. त्यांनी चहा वर पाठवायला नकार दिला, एवढंच.

या कामाची सुरुवात मात्र तेहतीस वर्षांपूर्वीची होती. छावणीतल्या एका हौशी कर्नलसाहेबांनी तेव्हा बाबू लोकांना रविवारी सकाळी गोल्फच्या मैदानावर खेळायची परवानगी दिली होती. मैदान म्हणजे नऊ होलचा माळ. हिरवळ पावसाळ्यापुरती, आणि होलभोवती गवताऐवजी तेल शिंपडून दाबलेली वाळू. परवानगीचा फायदा घेतला दोघांनीच, कृष्णकांतांनी आणि पलीकडच्या टेबलावरच्या गणपतराव भोयरांनी. दोघांत मिळून सात स्टिका. त्यातल्या एकीची मूठ सायकलच्या ट्यूबने गुंडाळलेली. पहिल्या रविवारी दोघांचाही बॉल डाव्या हाताच्या झुडपात गेला, आणि पुढची तेहतीस वर्षं तो बहुतेक तिथेच जात राहिला. मैदानाच्या दोन फेऱ्या पूर्ण करायला चांगल्या खेळाडूला ऐंशीच्या आसपास फटके लागत. या दोघांना एकशे पाच.

खेळून झालं की नाक्यावर तर्री-पोहे. पोहे खाताना कृष्णकांत दर रविवारी एकच वाक्य बोलत, की ही नोकरी नसती आणि दिवसभर सराव करता आला असता, तर आपले वीस फटके सहज कमी झाले असते. गणपतराव तर्री ओरपत ऐकून घेत. त्यांचं उत्तरही ठरलेलं होतं. "दोन कमी होतीन. वरून पाठ दुखन ते येगळी."

निवृत्तीच्या समारंभात हार गळ्यात असतानाच कृष्णकांतांनी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की सहा महिने रविवारचा खेळ बंद. आता पूर्णवेळ सराव. तयारी झाली की बोलावतो, मग पाहू वीस की दोन. गणपतराव हाराकडे बघत म्हणाले, "पाह्य बा. तुझी मर्जी."

गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारेवर कृष्णकांतांनी जुना गालिचा टांगला होता. बॉल गालिच्यावर आदळून खाली पडावा अशी योजना. नऊ दिवस बॉल आदळून खाली पडला. दहाव्या दिवशी तो, गालिच्याला कसर लागून जिथे भोक पडलं होतं, नेमका तिथून निघाला आणि शेजारच्या प्रेमिलाताईंच्या सोलरच्या दोन नळ्या फोडून त्यांच्या तुळशीत विसावला. नळ्या त्याच दिवशी बदलून दिल्या, पण प्रेमिलाताईंची आंघोळ मध्येच थंड पडली होती. त्यांनी भांडण केलं नाही. त्या यमुताईंना एवढंच म्हणाल्या, की माझ्या भावाची, मार्तंडची, काटोलला संत्र्याची बाग आहे, तिथे माणसाला हात-पाय हलवायला भरपूर जागा आहे, भाऊजींना तिकडे पाठवा. यमुताईंना ही सूचना इतकी आवडली की त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून पहाटे उठून डबा करून द्यायला सुरुवात केली.

कृष्णकांत रोज सकाळच्या बसने काटोलला जाऊ लागले. पोत्यात गुंडाळलेल्या स्टिका घेऊन बसलेल्या या इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाकडे पाहून पहिल्या आठवड्यात कंडक्टरने अदबीने विचारलं, की साप पकडायला कोणत्या गावी चाललात. कृष्णकांतांनी गोल्फ समजावून सांगितलं. कंडक्टरने सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या घराजवळ एक धामण निघते, तेवढी बघाल का, म्हणून पत्ता दिला.

मार्तंड भला माणूस होता. बागेच्या कडेने त्याने लांबलचक पट्टी मोकळी करून दिली. अडचण एकच होती. पांढरे बॉल वाळल्या गवतात आणि प्लास्टिकच्या कपट्यांत सापडत नसत. कृष्णकांतांनी पुण्याच्या लेकीला, गार्गीला, फोनवर हे सांगितलं, आणि बाबांची नजर आता कमी झाली असेल या काळजीने तिने लगोलग लांबून उठून दिसतील असे बारा बॉल मागवून पाठवले. ते नारिंगी रंगाचे होते.

डिसेंबरचा महिना, बागेत तोडा सुरू. बायका झाडाखाली फळांचे ढीग लावत होत्या, मोठं, मध्यम, बारीक. कृष्णकांतांनी त्या दिवशी बारा बॉल मारले आणि संध्याकाळपर्यंत एक सापडला. मार्तंडला सांगायचा त्यांना संकोच वाटला. तिसऱ्या दिवशी नागपूरच्या व्यापाऱ्याचा मार्तंडला फोन आला. तो रागावलेला नव्हता, चक्रावलेला होता. बारीक मालातली अकरा संत्री सोलली जात नाहीत, म्हणाला. एका रसवाल्याने एक फळ यंत्रात घातलं तर यंत्राचा दांडा वाकला. पण फळ जसंच्या तसं. "हा नवीन वाण कोणता जी? टिकाऊ दिसते."

मार्तंडने कृष्णकांतांकडे पाहिलं. कृष्णकांतांनी डब्यातल्या भाजीकडे पाहिलं. रसवाल्याच्या यंत्राचा दांडा दुरुस्त करून झाला, आणि मार्तंडने अतिशय नम्रपणे त्यांना बागेपासून अर्धा किलोमीटरवरच्या एका वावरात नेऊन सोडलं. सोयाबीन काढल्यावर ते तसंच पडून होतं. तिथे ना झाड, ना झुडूप, ना माणूस.

आणि तिथे कृष्णकांत खरोखरच सुधारले. दिवसाला तीनशे फटके. बॉल कुठे हरवायचीच सोय नसल्यामुळे तो सरळ जायला शिकला. हाताला घट्टे पडले, पोट आत गेलं. फेब्रुवारीत एका बुधवारी, पहारेकऱ्याच्या ओळखीने, ते एकटेच कामठीला जाऊन खेळून आले. सत्त्याऐंशी. एकशे पाचातून सत्त्याऐंशी गेले की उरतात अठरा. वीस नव्हेत, पण दोन तर नव्हेतच नव्हेत. त्या रात्री त्यांना झोप येईना. त्यांनी गणपतरावांना फोन लावला आणि मार्चमधला एक रविवार ठरवला. तब्येत विचारायची राहिली, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

रविवारी गणपतराव आधीच मैदानावर उभे होते. किंचित वाळल्यासारखे वाटले. कृष्णकांतांनी पहिला फटका मारला. बॉल हवेत उठला आणि मैदानाच्या बरोब्बर मध्यावर जाऊन पडला. गणपतरावांनी मान हलवली. "वा गा." मग त्यांनी स्वतःचा मारला, तो डाव्या झुडपात गेला. गणपतराव झुडपाकडे गेले, कृष्णकांत मैदानाच्या मध्यावर.

दुसऱ्या होलला तेच. तिसऱ्याला तेच. कृष्णकांत आपल्या बॉलपाशी उभे राहून वाट बघत. दूर झुडपात गणपतरावांची टोपी हलताना दिसे. इथे उन्हात करायला काहीच नव्हतं. पाचव्या होलपर्यंत दोघांत मिळून चार शब्दही झाले नव्हते, आणि कृष्णकांतांना वाटू लागलं, की पूर्वी तर या मैदानावर आपलं तोंड बंद होत नसे, मग आपण बोलायचो तरी केव्हा?

बोलायचे ते झुडपात. मुलगा, गौरांग, दहावीला गणितात नापास झाला, हे त्यांनी घरी सांगण्याआधी गणपतरावांना सांगितलं होतं, घाणेरीच्या काट्यांत वाकून बॉल शोधता शोधता. गणपतरावांनी बायको गेल्यानंतरच्या तेराव्या रविवारी पहिल्यांदा तिचं नाव काढलं, तेही तिथेच, बाभळीच्या बुंध्यापाशी. बदल्या, आजारपणं, साहेब लोकांच्या नकला, सगळं तिथेच. समोरासमोर बसून दोघांनाही असलं काही बोलता येत नसे. जमिनीकडे बघत, स्टिकने पाला उलटत असलं की येत असे.

सहाव्या होलला कृष्णकांतांनी डावीकडे तोंड केलं आणि बॉल झुडपात मारला. म्हणजे मारायचा प्रयत्न केला. सहा महिन्यांची सवय. बॉल वळला आणि मध्यावर जाऊन पडला. सातव्याला त्यांनी पाय उलटे टाकले, डोळे मिटले. बॉल बाभळीला लागून उडाला आणि पुन्हा मोकळ्यात आला. आठव्याला इकडेतिकडे पाहून त्यांनी बॉल सरळ हातात घेतला आणि झुडपात फेकून दिला.

मग ते त्याच्यामागे आत शिरले. बाभळीच्या सावलीत गणपतराव बुंध्याला टेकून आरामात बसले होते.

"सापडला का तुमचा?" कृष्णकांतांनी विचारलं.

गणपतरावांनी खिशातून बॉल काढून दाखवला. "कवाचाच. जानेवारीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं नं. आता दुरूनच दिसते. शोधाचं कामच नाही राह्यलं."

"मग बसून काहून राहिले?"

"तू येशीन म्हणून."

कृष्णकांत स्टिकने पाला उलटू लागले. ऑपरेशनचं कळवलं का नाही, असं त्यांनी खाली बघत विचारलं. गणपतराव म्हणाले, फोनवर काय सांगाचं. दर रविवारी ते येतच होते इथे. एकटे दोन होल खेळायचे, या बाभळीखाली बसायचे आणि परत जायचे. पोहेही बंद होते, एकट्याला प्लेट जात नाही.

"किती कमी झाले तुझे?" गणपतरावांनी विचारलं.

"अठरा."

"बहुत झाले," गणपतराव म्हणाले. "म्या दोनच म्हटले होते. चुकलो गा मी." आणि त्यांनी स्टिकने शेजारचा पाला बाजूला करून बसायला जागा केली. नववा होल त्या दिवशी राहून गेला, दुसरी फेरीही.

कृष्णकांत घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. शर्टाला काटे, केसांत पाला, कोपर खरचटलेलं. यमुताईंनी दारातच ओळखलं. एवढे महिने पहाटे उठून दिलेले डबे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. त्यांनी काही न विचारता पाणी दिलं, पान वाढलं, आणि मग राहवेना म्हणून हळूच म्हणाल्या, "बिघडला का हो खेळ?"

"पार बिघडला," असं म्हणून कृष्णकांतांनी वाटीभर वरण आणखी मागितलं.